बर्फातली बाळंतीण

फार पूर्वीची गोष्ट. पार उत्तरेला, जिथे वर्षातले सात-आठ महिने जमीन दिसत नाही, तिथे देवदारांनी भरलेलं एक खोरं होतं. त्या खोऱ्याच्या कडेला एक वुल्व्हरीन राहायची. हा प्राणी आपल्याकडे नाही. दिसायला लहानशा अस्वलासारखा, चालायला मुंगसासारखा, आणि पंजे फावड्यासारखे. हे प्राणी एकेकटेच राहतात. हिची आई कधीच गेली होती आणि नवरा महिनोन्‌महिने डोंगरापलीकडे भटकत असायचा. कुणाशी एक शब्दही न बोलता तिचे दिवसच्या दिवस जायचे.

त्या हिवाळ्यात तिला दिवस गेले.

खोऱ्यात एक रीत होती. जिची पहिली खेप असेल, तिचं बाळंतपणाचं घर शेजाऱ्यांनी मिळून सजवून द्यायचं. वुल्व्हरीनची बातमी कळली तशा कोल्हीणकाकू कामाला लागल्या. आपल्या बिळापासून पंधरा पावलांवर एक मोठा देवदार आडवा पडला होता. त्याच्याखालची पोकळी त्यांनी झाडून काढली. खारीने वाळलेलं शेवाळ आणून अंथरलं. त्यावर काकूंनी स्वतःच्या पोटाचे मऊ केस उपटून पसरले. सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या डोमकावळ्यानेही एक पीस आणून टाकलं आणि पुढे आठ दिवस ते सगळ्यांना सांगत फिरला.

वुल्व्हरीनला घर दाखवायला नेलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिच्यासाठी आजवर कुणी काही केलं नव्हतं. ती आत गेली, शेवाळाचा वास घेतला, एक गिरकी घेऊन बसून पाहिलं. पंधरा पावलांवर काकूंची पिल्लं भांडत होती. तो आवाज तिला फार आवडला.

मग आईने शिकवलं होतं तसं तिने दाराशी उकरायला सुरुवात केली. दोन वीत बर्फ गेला आणि पंजा मातीला लागला. माती ओलसर होती. तिने मान वर करून पाहिलं. दिवसभर ऊन पडेल अशी ती जागा होती. शंभर पावलांवरून लांडग्यांची जुनी वाट जात होती.

“काय गं, पसंत नाही?” कोल्हीणकाकूंनी विचारलं.

“घर फार छान आहे, काकू. पण इथला बर्फ लवकर जाईल.”

“जाऊ दे की. बर्फ गेला की ऊन येईल. माझी सात वेतं इथेच वाढली.”

“तुमची पिल्लं मातीच्या बिळात वाढतात. माझ्या पिल्लांना बर्फाचंच पांघरूण लागतं. उन्हाळा तोंडावर येईपर्यंत लागतं.”

“घ्या काकू,” डोमकावळा फांदीवरून म्हणाला, “पोटाचे केस गेले ते गेलेच. आता थंडी तुम्हालाच वाजणार.”

खार हसली. काकू हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, “तुला आमच्यात राहायचंच नसेल तर तसं सांग, पोरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगराच्या वाटेला लागली. निरोप द्यायला कुणी आलं नाही.

तीन दिवस ती जागा शोधत होती. एका उतारावर बर्फ भरपूर होता, पण तिथे दुपारचं ऊन थेट येत होतं. दुसरी जागा निवांत वाटली, पण जवळून शिकाऱ्यांच्या घसरगाड्यांचे ताजे माग गेले होते. शेवटी, जिथे सूर्य क्वचितच पोहोचतो अशा एका घळीत ती शिरली. तिथे प्रचंड धोंडे होते आणि वाऱ्याने त्यांच्यामध्ये बर्फाचे ढीग लोटले होते. तिने उकरलं. अंगभर आत गेली तरी बर्फच. आणखी उकरलं, तरी बर्फच. तळाशी दोन धोंड्यांच्या मध्ये तिने एक खोली केली. वरून खोरं दिसायचं, पण खोऱ्यातलं कुणी ओळखू यायचं नाही.

तिथे तिला दोन पिल्लं झाली. डोळे मिटलेली आणि बर्फासारखी पांढरीशुभ्र. तिने त्यांना चाटून कोरडं केलं, कुशीत घेतलं आणि बोलू लागली. “खाली एक काकू आहेत,” तिने सांगायला सुरुवात केली. पुढे काय सांगावं ते तिला कळेना, म्हणून ती थांबली. मग तिने त्यांना वाऱ्याबद्दल सांगितलं.

दिवस कठीण होते. बर्फात पुरून ठेवलेलं मांस संपत आलं. पिल्लं दूध मागायची आणि दूध कमी पडायचं. अशात एक दिवस डोमकावळा आला.

“जिवंत आहेस तर,” तो म्हणाला. “खाली पैज लागली होती.”

खालच्या सगळ्या बातम्या त्याने सांगितल्या. खोऱ्याच्या तोंडाशी हिमकडा कोसळून एक मोठा रेनडिअर गाडला गेला होता, त्यामुळे सगळ्यांची पोटं भरली होती. खारीची मुलगी लंगडी झाली होती. आणि कोल्हीणकाकू अजून रोज त्या देवदाराखाली जाऊन शेवाळ झटकत होत्या. “घर तिचंच आहे म्हणाल्या,” कावळा पंख साफ करत म्हणाला. “मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस.”

तो उडून गेला. मग तिने एका पिल्लाची मानगूट तोंडात धरली आणि उतरायला लागली. दुसऱ्याला लगेच परत येऊन न्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

घळीच्या तोंडाशी दम घ्यायला तिने पिल्लू खाली ठेवलं. वळून पाहते तर पिल्लू दिसेना. ते तिथेच होतं. बर्फात बर्फासारखं मिसळून गेलं होतं, फक्त नाकाचा ठिपका दिसत होता. तिने ते उचलून चार पावलं पुढे, उघड्या पडलेल्या काळ्या खडकावर ठेवलं. आता ते इतकं लख्ख दिसत होतं की वरून जाणाऱ्या गरुडालाही डोळे ताणावे लागले नसते. तिने चटकन त्याला उचललं आणि खाली पाहिलं. खोऱ्यात जागोजाग मातीचे तपकिरी डाग पडू लागले होते.

खालचं घर मऊ होतं, तिथे बोलायला शेजारी होते, खायला होतं. पण ते घर तिच्यासाठी होतं. पिल्लांसाठी नव्हतं.

ती परत वर गेली. पिल्लांना दूध पाजून, झोपवून ती एकटीच खाली उतरली, लांबचा वळसा घालून रेनडिअरपाशी पोहोचली आणि त्याची एक तंगडी ओढत डोंगर चढली. ती कुणाच्या दारावरून गेली नाही. काकू भेटल्या असत्या तर तिचा पाय निघाला नसता.

काकूंना मात्र बर्फात तिचे माग दिसले. दारापर्यंत न आलेले माग.

पंधरा दिवसांनी ऊन तापलं आणि खालचा बर्फ एकदम सुटला. ओढा फुगला. देवदाराखालची पोकळी छतापर्यंत पाण्याने भरली, शेवाळ तरंगत बाहेर आलं. पाठोपाठ लांडगे आपल्या जुन्या वाटेने आले आणि चार दिवस त्या झाडापाशीच लोळत राहिले. काकूंचं बीळ उंचवट्यावर, अरुंद तोंडाचं. त्यांची पिल्लं वाचली. वर घळीत बर्फाचं पांघरूण तसंच होतं.

उन्हाळा लागला तशी वुल्व्हरीन खाली आली. मागे दोन पिल्लं, आता तपकिरी झालेली. काकू बिळाच्या तोंडाशी बसल्या होत्या. त्यांनी आधी पिल्लं मोजली.

“दोनच झाली होती?”

“दोनच, काकू.”

काकूंनी मान हलवली. “पाणी भरलं तेव्हा मी तिथेच उभी होते. वाटलं, बरं झालं ही हट्टी आहे. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी तुला नावं ठेवत होते.”

“मी आधीच म्हणालो होतो,” फांदीवरून कावळा म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

“माझ्या दारावरून का गेली नाहीस?” काकूंनी विचारलं.

“तुम्ही दिसला असतात तर मी परत वर गेले नसते.”

एका पिल्लाने काकूंची शेपूट तोंडात धरली. दात टोचत होते, तरी त्यांनी ती ओढून घेतली नाही.

पुढल्या वेळी वुल्व्हरीनचे दिवस भरत आले, तेव्हाही तिला वर एकटीनेच जायचं होतं. त्यात काही बदललं नव्हतं. पण त्या सकाळी काकू चढ सुरू होईपर्यंत तिच्याबरोबर चालत गेल्या, आणि ती बर्फात ठिपक्याएवढी होऊन दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

तात्पर्य एवढंच: मुलांसाठी जागा निवडताना आपलं मन कुठे रमेल ते पाहू नये, मुलं कुठे जगतील ते पाहावं. आणि अशा आईला एकटीने जावं लागलं, तर तिच्यावर रुसू नये.