पडदेश्वरीची कहाणी

ऐका पडदेश्वरी, तुमची कहाणी. हातांत अक्षता घ्या गं सगळ्यांनी. मागच्या बायांनो, मोबाईल पालथे घाला. मध्येच कुणाचा वाजला तर मी पहिल्यापासून वाचते, माहीत आहे ना?

होतं एक आटपाट नगर. नगराच्या वेशीपाशी थेटर होतं, थेटरात तीन पडदे होते. दर शुक्रवारी नवे खेळ लागत, नवी पोस्टरं चढत. त्या नगरात द्वारका नावाची सून होती. घरी सासू होती, नवरा होता, शालन नावाची नणंद होती. शुक्रवारी जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून सिनेमाला जावं, अशी त्या घरची रीत होती.

द्वारकेचं माहेर लांब, नदीकाठी. एकदा आईचा फोन आला. "अगं, आपल्या घाटावर सिनेमावाले आलेत. गर्दीला बायका हव्या होत्या, मलाही उभी केली. लागला की बघ हो!" द्वारका हसली, बरं म्हणाली. मग काय झालं? सिनेमा यायच्या आधी आई गेली. भिंतीवर फोटो लागला, फोटोला हार लागला. पण फोटो काही चालत नाही, मान वळवत नाही. द्वारकेला वाटे, आईला एकदा चालताना बघावं. दुसरं काही नको.

आणि एका शुक्रवारी तो खेळ लागला. धाकट्या पडद्यावर लागला. पोस्टरावर माहेरचा घाट पाहून द्वारकेचं काळीज लक्कन हाललं.

नवऱ्यानं पुसलं, "आज कोणता बघायचा?" सासू म्हणाली, "देवाचा." नवरा म्हणाला, "द्वारका, तुला गं?" द्वारका म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो." मग देवाचा पाहिला. मध्यंतर झालं. द्वारका पॉपकॉर्न आणते म्हणून उठली, ती धाकट्या पडद्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत पाणी वाजत होतं, बायांचा गलका चालला होता. या गलक्यात आई असेल का? तेवढ्यात घंटा झाली, ती परत आली.

दुसरा शुक्रवार आला. नवरा म्हणाला, "मला मारामारीचा बघायचाय. द्वारका, तुला?" "तुम्ही म्हणाल तो." मग मारामारीचा पाहिला. मध्यंतरात द्वारका दाराशी उभी राहिली, दाराला कान लावला, परत आली.

तिसरा शुक्रवार आला. शालन म्हणाली, "भुताचा! वहिनी, तुम्हाला?" "तुम्ही म्हणाल तो." मग भुताचा पाहिला. हसू नका, तुमच्यापैकी किती जणी हेच म्हणून इथवर आल्यात ते मला ठाऊक आहे.

मध्यंतरात द्वारका दाराशी गेली. तिथं तिकिटं फाडणारी म्हातारी स्टुलावर बसली होती. ती का साधी म्हातारी? ती पडदेश्वरी, रूप पालटून बसलेली. तिनं पुसलं, "मुली, मुली, दाराशी का उभी?"

"आजी, आत माझी आई आहे."

"मग आत जा."

"माझं तिकीट दुसऱ्या पडद्याचं. घरची तिकडं बसलीत."

"मग घरी सांग."

"सांगू कशी? आजवर कधी सांगितलंच नाही. कोण काय म्हणेल!"

म्हातारी रागावली. "तोंड काय नुसतं घास भरायला दिलंय?" द्वारकेला रडू आलं. मग म्हातारीला दया आली. ती म्हणाली, "तुला वसा देते. पण तू आज घेशील, उद्या गिळून बसशील."

"घेईन, गिळणार नाही. वसा कसा करावा?"

"आधी मनात बघावं, मग तोंडानं सांगावं. कुणी पुसलं तर सांगावं, न पुसलं तरी सांगावं. 'तुम्ही म्हणाल तो' म्हणू नये. आणि ऐक, गुरुवारी हा खेळ उतरतो. पुढं मीही दाखवू शकत नाही."

द्वारका घरी आली. शनिवारी तोंड उघडलं, तर म्हणाली, "भाजी कोणती करू?" रविवारी उघडलं, तर म्हणाली, "पाणी तापलंय." काय म्हणावं हिला! सोमवार गेला, मंगळवार गेला. रस्त्यानं जाता येता पोस्टर बघावं आणि मान खाली घालून घरी यावं. जीव नुसता तुटत होता.

बुधवारी सगळी जेवायला बसली. द्वारका वाढत होती. कुणी काही पुसलं नव्हतं. वाढता वाढता तिचा हात थांबला. ती म्हणाली, "मला तो घाटाचा सिनेमा बघायचाय. उद्याच. त्यात माझी आई आहे."

सगळ्यांचे घास हातात राहिले. नवरा म्हणाला, "अगं, मी दरवेळी विचारत होतो ना तुला!" शालन म्हणाली, "वहिनी, काय हो हे? आधी नाही का सांगायचं?" उद्या गुरुवार, सासूचा उपास, दत्ताच्या देवळातली आरती. द्वारकेनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "दत्तमहाराज कुठं जात नाहीत. खेळ जाईल. उद्या सगळी जाऊ."

मग गुरुवारी शेवटच्या खेळाला सगळी गेली. द्वारका मध्ये बसली. पडद्यावर घाट आला, नदी आली, बायांची गर्दी आली. गर्दीतून एक बाई पुढं झाली, चार पावलं चालली, तिनं मान वळवली. द्वारका मोठ्यानं ओरडली, "आई!" सगळं थेटर वळून बघायला लागलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, पडदा सगळा पुसट झाला. डोळे पुसेपर्यंत आई निघून गेली होती. पडद्यावर आता नुसतीच नदी.

पहिल्या शुक्रवारी बोलली असती तर रोज येऊन बघती. उशीर केला, एकदाच दिसली, तीही पाण्यातून दिसली. खेळ संपला, दिवे लागले. द्वारका हुंदके देत म्हणाली, "मला नीट बघताच नाही आलं हो."

सासूनं तिचा हात धरला. "रडू नकोस. मी बघितली तुझी आई, डोळे फाडून बघितली. हिरवं लुगडं होतं. कडेवर कुणाचं तरी पोर होतं, ते तिची माळ ओढत होतं. आणि तुझ्यासारखीच, डावा पाय जरा ओढून चालत होती. चल, घरी जाता जाता सगळं सांगते."

पडदेश्वरी जशी द्वारकेला प्रसन्न झाली, तशी तुम्हांआम्हांला होवो. गेलेली माणसं आपल्याला दिसोत, आणि आपल्याला दिसली नाहीत तर बघून सांगणारं कुणी शेजारी असो. ही मनातल्या बोलाची कहाणी, तोंडच्या बोली सुफळ संपूर्ण. वाहा अक्षता.