मठातल्या वाय-फायचा पहारा

“मग बंद कुणी केलं, बाबा? आपोआप तर होत नाही ना?”

इंद्रजितनं लॅपटॉपचं तोंड धुंडीनाथबाबांकडे फिरवलं. बाबांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

परदेशात शिकून आलेला हा पोरगा पावसाळ्यापासून माळावरच्या या मठात राहत होता. वाय-फायची डबी त्यानंच आणून खांबाला ठोकली होती. माळावर दवाखाना येत नाही, तर पडद्यावर आणू, असा त्याचा हट्ट. आज पहिलाच दिवस. चार वाजता शहरातल्या डॉक्टरीणबाई पडद्यावर येऊन ठकूबाईचा चिघळलेला पाय पाहणार होत्या. पाय राहतो की कापावा लागतो, ते आज कळणार होतं.

आणि लॅपटॉप काही नेटला जोडला जाईना.

“डबीचा दिवा हिरवा आहे. मठाच्या जुन्या फोनवर नेट येतंय. फक्त माझ्या लॅपटॉपला नाही. म्हणजे हे कुणीतरी मुद्दाम केलंय.”

“कुणी?”

इंद्रजितनं आवाज खाली आणला. “बाहेर ती मेंढरंवाली पोरं बसलीत ना... सकाळपासून डबीवर डोळा आहे त्यांचा. म्हणून तर दाराला कडी घातली मी.”

“ठकूबाईची नातवंडं आहेत ती. तिला पाठुंगळी घेऊन आलीत.”

“असतील. तिला चारला बोलावलंय, चारला घेऊ आत.”

बाबांनी दाराच्या कडीकडे पाहिलं.

“तसा बंदोबस्त पक्का केलाय मी,” इंद्रजित म्हणाला. “डबीला कालच सांगून ठेवलंय, नाव ओळखीचं असेल त्यालाच आत घे. अनोळखी कुणी आलं की हाकल.”

“आणि तुझा हा लॅपटॉप?”

“हा?” इंद्रजितला हसू आलं. “हा कुणाच्या हाती लागायचा नाही, बाबा. कुठंही गेलास तरी खरं नाव सांगायचं नाही, असं शिकवलंय त्याला. दर वेळी नवं, खोटं नाव. कोण कुठं पाळत ठेवील, सांगता येतं का?”

“खरंय...”

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. उठले. खांद्यावरची घोंगडी डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढली आणि चाचपडत कडी काढून बाहेर गेले.

त्यांच्यामागे इंद्रजितनं सवयीनं पुन्हा कडी लावली.

दारावर थाप पडली.

“कोण आहे?”

“नाही सांगत.”

“बाबा, ही काय चेष्टेची वेळ आहे? चार वाजत आले!”

“बाबा कोण? मी नव्हे.”

“मग कोण?”

“काल एक होतो. आज दुसराच आहे. उद्याचं अजून ठरलं नाही... उघड.”

बाहेर पोरं फिदीफिदी हसली.

“अहो, नाव सांगितल्याशिवाय मी कसं उघ...”

इंद्रजित थांबला.

त्यानं खांबावरच्या डबीकडे पाहिलं. मग मांडीवरच्या लॅपटॉपकडे.



त्याचे कान तापले. कुणी काही विचारायच्या आत त्यानं घाईघाईनं लॅपटॉपचं नाव लपवणं बंद केलं. पडद्यावरची खूण गरगर फिरली, अडखळली... आणि नेट लागलं.

“लागलं! बाबा, लागलं!”

पडद्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा उमटला. चष्मा सावरत त्या म्हणाल्या, “हं, नमस्कार. पेशंट कुठाय?”

इंद्रजितनं रिकाम्या खोलीभर नजर फिरवली.

दारावर पुन्हा थाप पडली. या खेपेला अगदी हलकी. पाठोपाठ कुणीतरी कण्हलं.

बाहेरून बाबा म्हणाले, “आता हिलाही विचार... कोण आहेस म्हणून.”