अंतोबाचा निरोप

गोदेकाठच्या एका गावात अंतोबा नावाचा एक कापडवाला राहायचा. माणूस मनाने सरळ, पण बोलण्याला धरबंध नाही. बोलायचा भरपूर आणि बोललेलं विसरायचाही भरपूर. "आलोच," "बघतो," "करून टाकू की!" असं दिवसभर त्याच्या तोंडून सुटत असायचं. गावाला त्याची सवय होती, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे.

एकदा व्यापारासाठी तो समुद्रापार एका वाळवंटी मुलखात गेला. माल हातोहात खपला. बंदराकडे परतायचं म्हणून त्याने एका उंटांच्या तांड्याची सोबत धरली. तांड्याचा म्होरक्या होता हमूद. आपल्या कोकणातल्या बंदरांत खजूर विकण्यात त्याची उमर गेली होती, त्यामुळे आपली भाषा तो छान बोलायचा. वाटेत एक फार जुनं, ओस पडलेलं दगडी नगर लागतं, असं हमूदने सांगितलं मात्र, अंतोबाने हट्टच धरला. "एवढ्या लांब येऊन ते बघितलं नाही, तर गावात तोंड काय दाखवू?"

हमूद हसला. उंटांना विसावा म्हणून तांडा विहिरीवर थांबणारच होता. त्याने अंतोबाला इद्रिस नावाच्या एका म्हाताऱ्या धनगराच्या हवाली केलं. इद्रिसचा तंबू डोंगरापलीकडे होता आणि आल्यागेल्याला ते नगर दाखवायचं काम त्याच्या घराण्यात चालत आलेलं होतं.

आणि काय ते नगर! तांबड्या डोंगरात कोरलेल्या कबरी, त्यांच्या दारांवर पंख पसरलेली दगडी गिधाडं. कोरडा ठणठणीत तलाव, त्याच्या पायऱ्या मात्र कालच घडवल्यासारख्या धारदार. एकेक खांब असा की दोघांनी मिळून मिठी मारली तरी हात पुरेनात. अंतोबा पोरासारखा इकडून तिकडे पळत होता. "इद्रिसबाबा, आमच्या देवळाचा खांब याच्या गुडघ्याला लागेल हो!" असं ओरडायचा. इद्रिसला शब्द कळत नसत, पण आनंद कळायचा.

दोघे अर्धं हातवाऱ्यांनी आणि अर्धं एकमेकांचे शब्द उचलून बोलायचे. अंतोबाला एखादी कबर आतून बघायची असली, की तो म्हणायचा, "येतो हं!" इद्रिस तिथंच बसायचा आणि अंतोबा परत यायचा. दोन-चारदा असं झाल्यावर इद्रिसने तो शब्द पाठच करून टाकला. "येतो" म्हणजे बसायचं, माणूस परत येतोय.

मग निघायची सकाळ आली. खालच्या वाटेने तांडा निघाला, उंटांच्या घंटा वाजू लागल्या. अंतोबाची धांदल उडाली. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे निघताना "जातो" कुणी म्हणत नाही. चुकून म्हटलंच, तर घरातलं कुणीतरी "अहो, असं अभद्र काय बोलता!" म्हणून अंगावर येतं. तेव्हा अंतोबाने इद्रिसचे हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "बरंय इद्रिसबाबा, येतो हं!"

इद्रिसने छातीवर हात ठेवला आणि नगराच्या वेशीवरच्या मोठ्या कमानीच्या सावलीत खाली बसला. ना निरोपाचा शब्द, ना चार पावलं सोबत. अंतोबाला जरा लागलंच ते. पण तांडा पुढे चालला होता, म्हणून तो धावत उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका कड्याच्या आडोशाला तांडा थांबला. खजूर खाता खाता अंतोबा हमूदला म्हणाला, "तुमचा इद्रिस माणूस लाख, पण रीत नाही हो त्याला. मी निरोप घेतला, तर हा आपला बसूनच राहिला!"

हमूदचा हात थांबला. "शेट, तू त्याला काय म्हणालास?"

"काय म्हणणार? येतो म्हणालो."

"आणि तो बसला?"

"हो ना, सावलीत..." आपण काय करून बसलो, ते अंतोबाला तेवढ्यात उमगलं.

"वाट बघत असेल का हो तो?" त्याने हळूच विचारलं.

"बघणारच. आमच्याकडे येतो म्हणणारा आल्याशिवाय बसलेला माणूस उठत नाही. रेतीतून परत आलेल्याला जागेवर कोणी दिसलं नाही, तर तो भरकटतो आणि मरतो. तुझा जीव आपल्या बसण्यावर आहे, असं समजून तो बसलाय."

"पण संध्याकाळी घरी जाईलच की. एवढा शहाणा माणूस!"

हमूदने फक्त विचारलं, "पाणी किती होतं त्याच्यापाशी?"

एक लहानशी कातडी पिशवी. घरी पोचण्यापुरती. अंतोबाला ती डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"एखादा माणूस पाठवा हो हमूदभाई! मी हात जोडतो."

"दुसरा कोणी गेला, तर तू हरवलास असं समजून इद्रिस तुला शोधायला रेतीत शिरेल. तुला बघितलं तरच तो उठेल. मला थांबता येणार नाही शेट, माझ्यामागे अख्खा तांडा आहे. आणि जहाज वाऱ्यावर सुटतं, तुझ्यासाठी खोळंबणार नाही."

ते जहाज चुकलं, की पुढचं वारं फिरेपर्यंत परक्या मुलखात अडकून पडायचं. त्यातून एकट्याने वाळवंटात जायचं, म्हणजे आपणच कुठे हाडं होऊन पडलो तर? अंतोबाने मनाला पुष्कळ समजावून पाहिलं. त्याच्या घरचं कोणी येईल शोधायला. एव्हाना कंटाळून उठलाही असेल. गैरसमज त्याचा झाला, त्यात आपला काय दोष? पण प्रत्येक वेळी त्याला छातीवर हात ठेवून खाली बसणारा तो म्हातारा दिसायचा, आणि हातातला खजूर तोंडापर्यंत जाईना.

शेवटी तो उठला. "उंट द्या मला," म्हणाला.

हमूदने पाण्याच्या भरलेल्या पखाली लादून आपली जुनी सांडणी दिली. "हिला वाट माहीत आहे. तू फक्त लगाम ओढू नकोस."

तो प्रवास अंतोबा जन्मात विसरला नाही. वाऱ्याने तांड्याचे माग पुसून टाकले होते. प्रत्येक टेकडी आधीच्या टेकडीसारखीच. सांडणी वळली, की त्याला वाटायचं ही चुकली; न वळली, तरी वाटायचं ही चुकली. लगामावर हात जायचा आणि मागे यायचा. "देवा, म्हाताऱ्याला उठव रे, नाहीतर मला पोचव," एवढंच तो पुटपुटत होता. स्वतः तहानेने कासावीस झाला तरी पखालीला हात लावायची त्याला लाज वाटत होती.

रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी तांबडा डोंगर दिसला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंतोबा कमानीपाशी पोचला. सावलीत कोणी नव्हतं.

"इद्रिसबाबा!" तो किंचाळला. हाक खांबांवर आपटून परत आली. तो कबरींच्या दारांतून डोकावला, तलावाच्या पायऱ्यांवर धावला. संपलं सगळं, असं वाटून तो मटकन खाली बसणार, तोच वरून एक खडा येऊन त्याच्या पायाशी पडला.

इद्रिस एका आडव्या पडलेल्या खांबावर उन्हात बसला होता. काठीला डोक्याचं फडकं बांधून त्याने उंच धरलं होतं, येणाऱ्याला लांबून दिसावं म्हणून. ओठ फुटून रक्त वाळलेलं. हाक मारायला घशात आवाज उरला नव्हता. अंतोबा धडपडत वर चढला, तर म्हाताऱ्याने कातडी पिशवी त्याच्यापुढे सरकवली.

"पाणी," इद्रिस अंतोबाकडून शिकलेला शब्द बोलला. "तुझं."

पिशवी अर्धी भरलेली होती. येणारा तहानलेला असेल, म्हणून त्याने अर्धं पाणी ठेवूनच दिलं होतं.

अंतोबा ढसाढसा रडला. त्याने पखाल उतरवली आणि इद्रिसला घोट घोट पाणी पाजलं. थोडा जीव आल्यावर इद्रिसने खुणेने विचारलं, उशीर का झाला? वाट चुकलास?

हो म्हणून मान हलवली असती, तर काम भागलं असतं. म्हाताऱ्याचा विश्वासही बसला असता. पण अंतोबाने मान खाली घातली आणि हातवारे करत, मोडक्यातोडक्या शब्दांत खरं ते सांगितलं. "नाही बाबा. मी परत येणारच नव्हतो. आमच्याकडे निघतानासुद्धा येतो म्हणतात."

इद्रिस रागावला नाही, नुसता गोंधळला. "मग येणारा काय म्हणतो?"

"तोही येतोच म्हणतो."

"मग घरच्यांना कळतं कसं?"

आपण घरून निघालो, तेव्हा उंबऱ्यात उभ्या असलेल्या बायकोलाही हेच म्हणालो होतो, ते अंतोबाला आठवलं.

"कळत नाही, बाबा," तो म्हणाला. "तेही असेच वाट बघत बसतात."

जहाज गेलं ते गेलंच. वारं फिरेपर्यंत अंतोबा इद्रिसच्या तंबूत राहिला, आणि पुढच्या पहिल्या जहाजाने घरी पोचला.

तात्पर्य: आपण सवयीने बोलतो, पण ऐकणारा त्या शब्दावर जीव ठेवून बसलेला असतो, म्हणून दिलेला शब्द आपल्या मनात काय होतं यावर नव्हे, तर समोरच्याने काय समजून धरला यावर पाळावा.