कालवड आणि खळीचं पागोटं

फाल्गुन वद्य तृतीया. ऊन सकाळीच चढलेलं, वारा अजिबात नाही. अशा दिवशी एकदा एक व्यापारी आपल्या मुलाला घरी न्यायला गुरुजींच्या आश्रमात आला. मुलगा बोलताना अडखळत असे. गावातल्या कुणा विद्वानाने व्यापाऱ्याला सांगितलं होतं, की अशा मुलांचं मन एका गोष्टीवरून दुसरीकडे चटकन वळत नाही. त्यांना शिकवणं व्यर्थ. व्यापाऱ्याने आल्या आल्या तेच गुरुजींना ऐकवलं. मुलाला मात्र इथेच राहायचं होतं. त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणारा माणूस त्याला इथेच भेटला होता.

उकाड्याने हैराण झालेल्या व्यापाऱ्याने आपलं नवं कोरं, भाताच्या पेजेची खळ दिलेलं पागोटं काढून ओट्याच्या कडेला ठेवलं आणि तो अंगणाकडे पाठ करून बसला. शेजारी गुरुजी आणि दोन मोठे शिष्य बसले. मुलगा समोर उभा राहिला.

“हात मागे बांध,” व्यापारी म्हणाला. “हातवारे नकोत, तोंडाने सांग. वर्षभर इथे काय शिकलास?”

मुलाने उत्तर मनात जुळवलं होतं. पण तेवढ्यात वडिलांच्या पाठीमागे आश्रमाची कालवड आली. तिने पागोटं हुंगलं. खळीचा वास तिला पसंत पडला.

“क... क...”

“काव्य!” एक शिष्य मदतीला धावला.

मुलाने जोरजोरात मान हलवली. पागोट्याचं टोक आत गेलं होतं.

“का... का...”

“कालगणना!” दुसरा म्हणाला.

“कानामात्रा तरी शिकलास का रे?” वडील करवादले. “आणि तिकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ!”

मुलाने वडिलांकडे पाहिलं, कालवडीकडे पाहिलं, पुन्हा शब्दाला खांदा लावला. शब्द जागचा हलेना. पागोटं मात्र सरकत होतं.

तेव्हा गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. ते उठले, त्यांनी मुलाकडे चक्क पाठ फिरवली आणि ते अंगणात उतरले.

“बघा! शेवटी तुम्हीही कंटाळलात,” व्यापारी म्हणाला.

गुरुजी परतले तेव्हा त्यांच्या हातात वीतभर ओलं कापड होतं. “शेटजी, हे आपलं. बाकीचं द्यायला ती तयार नाही.”

“कालवड,” मुलगा म्हणाला. शब्द आत्ता सुटला होता.

शिष्य तोंडावर उपरणं धरून हसू लागले. गुरुजी शांतपणे खाली बसले.

“शेटजी, त्या विद्वानांच्या बोलण्यात थोडं तथ्य असेलही. अडलेला शब्द ढकलता ढकलता मान वळवायची, हे कष्टाचं काम आहे. त्याला वेळ लागतो. पण हा शब्दावरून कालवडीकडे गेला, तिथून तुमच्याकडे आला, पुन्हा शब्दाकडे वळला. आपण सगळे मात्र त्याच्या ओठांपाशीच खिळून बसलो होतो. मी पाठ फिरवली असं तुम्हाला वाटलं. मी फक्त तो बघत होता तिकडे तोंड केलं.”

व्यापाऱ्याने तो ओला तुकडा हातात घेतला. “आणि हात तर मीच बांधायला सांगितले,” तो पुटपुटला. मग त्याने मुलाला शेजारी बसवून घेतलं. “हं बाळा, सांग. काय शिकलास?”

मुलगा सांगू लागला. मध्ये अनेकदा अडला. कुणीही शब्द पुरवला नाही.

ऊन कलल्यावर व्यापारी उघड्या डोक्याने एकटाच गावी परतला. कालवड गोठ्यात रवंथ करत होती.