चितळांचे नाक

घाटाच्या पायथ्याशी, खाडीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एक जंगल होते. जंगलात लोकशाही होती. ठरलेल्या वेळी निवडणूक होई आणि वाघ निवडून येई, कारण उमेदवारीचा अर्ज वाघाच्या गुहेत जाऊन भरावा लागे.

वाघ आता म्हातारा झाला होता. त्याचा एक सुळा तुटला होता आणि गुडघे दुखत. चितळांच्या कळपाला त्याचा वास अर्ध्या कोसावरून लागे. शिवाय चितळे आणि वानरे यांच्यात जुना करार होता. वानरांनी झाडावरून पाहायचे, चितळांनी खालून हुंगायचे, आणि ज्याला आधी कळेल त्याने ओरडायचे. हा करार कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो पाळला जाई. राजा बरेच दिवस ओढ्यातल्या खेकड्यांवर जगत होता. बाहेर मात्र त्याने शाकाहार स्वीकारल्याचे सांगितले जाई.

एके दिवशी खाडीतली मगर दरबारात आली. समुद्रापलीकडचा माल घाटावर न्यायचा होता. त्यासाठी जंगलातून रस्ता हवा होता.

राजाने सभा घेतली. "बंधूंनो आणि भगिनींनो, आजवर आपण जगाकडे पाहत होतो. आता जग आपल्याकडून जाणार आहे!"

"कुठे जाणार आहे?" मागून एका सशाने विचारले.

"पुढे!" राजा म्हणाला. टाळ्या झाल्या.

रस्ता ओढ्याच्या पलीकडून गेला असता तर ओल्या जमिनीवरून गेला असता. पण तिथे मगरीचे ऊन खायचे वाळवंट होते. म्हणून तो चितळांच्या माळावरून गेला. गव्यांचे तांडे पाठीवर ओझी घेऊन रात्रंदिवस चालू लागले. खाडीचा बांबू घाटावर जाई आणि घाटावरचा बांबू खाडीला येई. वाटेत दोन्ही तांडे समोरासमोर आले की गवे शिंगे हलवून एकमेकांना रामराम करत आणि खोकत. यालाच व्यापार म्हणत.

माळावर धूळ उडाली ती खाली बसेना. पिवळी, बारीक धूळ. गवतावर, पाण्यावर, पापण्यांवर. पिल्ले खोकू लागली. दरबारातून घोषणा आली : "जिथे धुरळा, तिथे भरभराट!"

सोनकी नावाची एक चितळी होती. तिला नुकतेच पाडस झाले होते. त्याचे नाव भुई. एका सकाळी सोनकीने भुईला पाजले, चाटले, आणि वर पाहिले तर भुई समोर उभी होती. पीत होते ते दुसऱ्याच चितळीचे पाडस.

चितळी आपले पाडस वासाने ओळखते. सोनकीने भुईच्या मानेला नाक लावले. काहीच नाही. गवताला लावले. काहीच नाही. मग तिने कळपातल्या सगळ्यांना एकेक करून विचारले. सगळे म्हणाले, सर्दी असेल.

त्याच आठवड्यात राजा पाय मोकळे करायला माळाकडे आला होता. चालता चालता तो कळपाच्या मधोमध येऊन पोचला. कोणी पळाले नाही. राजाच जरा संकोचला. एका म्हाताऱ्या चितळाला घेऊन तो परत फिरला, आणि त्या दिवसापासून त्याला परराष्ट्र व्यापाराची तळमळ लागली.

सोनकी वानरांचा म्होरक्या हुप्पे याच्याकडे गेली. "हुप्पेभाऊ, राजा माळावर आला आणि तुम्ही वरून ओरडला नाहीत?"

"ताई, ओरडलो असतो हो." हुप्पेने शेंग फोडली. "पण आता मी रस्त्याचा निरीक्षक आहे. रस्ता सोडून इकडेतिकडे बघायचं नाही, असा हुकूम आहे."

"आणि या शेंगा?"

"पोत्यातून सांडतात. सांडलेलं उचलणं हीसुद्धा स्वच्छताच की!"

सोनकी दरबारात गेली. तिचे मागणे एवढेच होते : तांडे ओढ्यापलीकडच्या ओल्या वाटेने न्या, म्हणजे आमची नाके परत येतील, नाहीतर आमची पिल्ले जगणार नाहीत. दरबाराने तिचे आभार मानले आणि तज्ज्ञ म्हणून कासवाला नेमले. कासव दिवसभर माळावर बसले. त्याने अहवाल दिला : "श्वसनाचा कोणताही त्रास जाणवला नाही. मी पाहणीच्या काळात श्वास घेतला नाही. तशी गरज भासली नाही."

तरीही सोनकी हटेना, तेव्हा जनसुनावणी ठरली. माळावर कळप जमला. चिटणीस साळिंदर आला. त्याच्या लेखण्या अंगावरच असत, त्यामुळे त्याच्या फार जवळ कोणी जात नसे. त्याच्या मागे करवंदीची जाळी होती.

"नागरिकहो," साळिंदर म्हणाला, "निर्भयपणे सांगा. इथे तुम्हाला कसला दुर्गंध येतो का?"

"नाही," कळप म्हणाला.

"धुराचा? घाणीचा? कुजल्याचा?"

"नाही."

"लिहून घेतो. दुर्गंधाबाबत एकही तक्रार नाही."

"अहो चिटणीस, तीच तर तक्रार आहे!" सोनकी पुढे आली. "आम्हाला कसलाच वास येत नाही!"

"बाई, तुमचं म्हणणं आणि कळपाचं म्हणणं एकच आहे. मग भांडता कशाला?"

कळपात हशा पिकला. एक जण म्हणाला, "सोनकीला बोलायची हौसच मोठी." तेवढ्यात करवंदीची जाळी हलली. राजा संपूर्ण सुनावणी आतून ऐकत होता. तो बाहेर आला, सुनावणीला आलेला पहिलाच साक्षीदार त्याने उचलला आणि शांतपणे निघून गेला. साळिंदराने लिहिले : "महाराज जातीने उपस्थित होते."

सोनकीने भुईला घेतले आणि ओढा ओलांडला. मगरीच्या वाळवंटाला वळसा घालून ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आंजणीच्या झाडीत राहिली. बरेच दिवस काही झाले नाही. मग एका पहाटे भुईने नाक वर केले.

"आई, हे काय आहे?"

"काय?"

"कोमट. गवतासारखं, पण गवत नाही. तू जवळ आलीस की येतं."

"तो माझा वास," सोनकी म्हणाली. तिने भुईच्या मानेला नाक लावले. आता तिलाही वास आला.

पुढे निवडणूक आली. राजा प्रचाराला माळावर उतरला. त्या दिवशी वारा फिरला होता; सोनकीला ओढ्यापलीकडूनही त्याचा वास लागला. तिने पुढचा पाय आपटला आणि जिवाच्या आकांताने धोक्याची हाक दिली. कळपाने माना वर केल्या.

"पलीकडच्यांना आपलं चांगलं झालेलं बघवत नाही," झाडावरून हुप्पे म्हणाला.

"पळा रे! तो बोरीपाशी आलाय!" सोनकी ओरडली.

कळपाचा नवा पुढारी हा एक तरणा नर होता. तो शिंगे सावरून उभा राहिला. "सोनकीकाकू, तुम्ही दोघी. आम्ही एवढे सगळे. आमच्यापैकी एकालाही काही वास येत नाही. एवढं मोठं बहुमत खोटं कसं बोलेल?"

कळपाने जयघोष केला. त्या संध्याकाळी बहुमत एकाने कमी झाले. तरीही ते पुरेसे होते.