शिंग वाजलं की घाटावर

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण त्याने काय बिघडतं?

फार पूर्वी नदीकाठी एक नगर होतं. तिथल्या पावसाने आपली जुनी रीत सोडली होती. वर्षभर रुसायचा आणि एखाद्या दुपारी सगळाच्या सगळा कोसळायचा. राजा धास्तावला. त्याने हुकूम काढला, "पूर आला की टेकडीवरून शिंग फुंका. सगळ्यांनी टेकडी चढायची. दर उन्हाळ्यात तालीम घ्या!"

दिवाण कोतवालाला म्हणाला, "अहो, महाराजांचे गुडघे दुखतात. टेकडी चढून तालीम कशी बघतील? घाटावर मांडव घाला. लोक तिथेच जमू देत."

"पण दिवाणजी, पूर घाटावरूनच येणार ना?"

"तालमीत येतो का पूर? कोतवाली नकोशी झालीय का?"

कोतवालाने घाटावर मांडव घातला.

दर उन्हाळ्यात शिंग वाजे आणि लोक घाटाकडे धावत. पहिल्या येणाऱ्याला राजाच्या हातचे बत्तासे. कोतवालाची लेक भागी दरवेळी पहिली. "बाबा, यंदाही मीच!"

मग एका श्रावणातल्या दुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं. नदीच्या वरच्या अंगाला डोंगर फुटल्यासारखा आवाज झाला. कोतवाल टेकडीवर धावला, शिंग फुंकलं. खाली धडाधड दारं उघडली. लोक निघाले, घाटाकडे!

त्याने आणखी जोरात फुंकलं. लोक आणखी जोरात धावले. सगळ्यांच्या पुढे एक लाल परकर.

"मागे फिरा! भागे, वर ये गं!" पावसात त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. हातातलं शिंग गळून पडलं.

शिंग थांबलं तसे लोक थबकले. तालमीत शिंग थांबलं की घरी जायचं असे. ते वळले, तोच मातकट पाण्याची भिंत मांडवाच्या जागेवर आदळली. किंचाळत, एकमेकांना ओढत लोक टेकडी चढले.

कोतवाल एकेक चेहरा बघत राहिला. अगदी शेवटी, चिखलाने माखलेली भागी आली. म्हणाली, "बाबा, आज मी शेवटची."

तात्पर्य: घाबरलेल्या माणसाचं डोकं थांबतं, पाय मात्र सवयीच्या वाटेने धावतात, म्हणून तालीम बघणाऱ्याच्या सोयीने घेऊ नये.

आता कबूल करतो, यात एकच गोष्ट मी पदरची घातली. भागी शेवटी टेकडीवर आली, ती. समोर पोरं बसली होती, दुसरं काय सांगणार?