बगळ्याची वाट पाहणाऱ्या म्हशी

म्हशींच्या राज्यात फार पूर्वी एक नियम होता आणि तो का आहे, हे विचारायचं नसे. म्हशीने आपली पाठ आपण खाजवायची नाही. ते काम बगळ्याचं.

एकदा बगळा लग्नाला गेला तो परतलाच नाही. जांभळी नावाच्या पारडीची पाठ गोचिडांनी पोखरली. म्हाताऱ्या म्हशींनी बगळ्याला आणायला कासव धाडलं.

"कासव कधी पोचणार?" जांभळीने विचारलं.

"दिवाळीपर्यंत. तोवर सोस की गं, आम्ही नाही सोसलं?"

जांभळी तडक बाभळीच्या खोडाला पाठ घासू लागली. गोचीड टपाटप गळाले.

"अगं, नाक कापलंस! बगळ्याला काय वाटेल? थांब आधी!"

"नाही थांबणार. पाठ माझी आहे."

म्हाताऱ्या तिला अडवायला पुढे सरकल्या, तर त्यांच्यातली सर्वांत थोरली खोडाच्या दुसऱ्या बाजूला डोळे मिटून पाठ घासत होती.